घुंडी ते आकडा: लोणी-पाबळ-खोडद टापूतला एक इतिहास

बेल्हे-जेजुरी रस्त्यावरचं लोणी हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि इकडे लोणी-धामणीच्या पट्ट्यात विहिरीच्या तळाकडे बघत उन्हाळा काढावा लागतो. लोणीच्या दक्षिणेला शिरूर तालुक्यातलं पाबळ, उत्तरेला जुन्नर तालुक्यातलं खोडद. पाबळला १९८३ साली विज्ञान आश्रम उभा राहिला. खोडदला नव्वदच्या दशकात जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी राहिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातला एक बदल डोळ्यांनी पाहायचा असेल, तर महाराष्ट्रात या टापूइतकी सोयीची जागा दुसरी सापडणं कठीण. सिग्नल कमी-जास्त करणारी घुंडी माणसाच्या हातातून निघून आकड्यांच्या ताब्यात कशी गेली, त्याची ही गोष्ट.

गावात ही घुंडी आली ती रेडिओबरोबर. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. पुढे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग झाला. १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट तयार केले गेले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. गटाने एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राकडे पाठवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला आणि रेडिओ ग्रामसभा ही कल्पना नंतर देशभर पोचली. पंधरा-वीस माणसांत एक रेडिओ म्हटल्यावर मागच्याला ऐकू जाण्याची सगळी भिस्त एका घुंडीवर. खेड्यातल्या कित्येकांनी हाताळलेला इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला सुटा भाग तोच असणार.

रेडिओ दुरुस्त करणारे या भागाला नुसतं ‘व्हॉल्यूम’ किंवा ‘पॉट’ म्हणतात. पत्र्याची डबी उघडली की आत घोड्याच्या नालेसारखी वाकलेली कार्बनची काळी पट्टी दिसते. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय, आणि दांड्याबरोबर फिरणाऱ्या पितळी जिभेला तिसरा. पट्टीच्या दोन टोकांत व्होल्टेज दिलं की जीभ जिथे टेकते तिथे त्याचा ठरावीक हिस्सा मिळतो. पाटाच्या पाण्याला दारं धरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही: येणारं पाणी तेवढंच असतं, कोणत्या वाफ्यात किती सोडायचं ते दाराशी ठरतं. आवाजाच्या पॉटमध्ये कार्बनचा थर सगळीकडे सारखा नसतो, कारण माणसाचा कान बेरजेने नव्हे तर पटीने आवाज मोजतो. घुंडी अर्धी फिरली म्हणजे आवाज ‘अर्धा’ वाटावा, यासाठी मधल्या बिंदूपाशी व्होल्टेज अर्ध्यापेक्षा बरंच कमी ठेवावं लागतं.

या पॉटचा शत्रू म्हणजे त्याचाच दांडा. जीभ कार्बनवर घासते, थर झिजतो, धूळ आणि दमट हवा आत शिरते, मग घुंडी हलवली की स्पीकरमधून खरखर येते. दुकानात यावर क्लीनरचा फवारा मारून घुंडी दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. तेवढ्याने काही महिने निघतात. त्यानंतर पॉट बदलावाच लागतो.

मुळात पोटेन्शिओमीटर आवाजासाठी जन्मलाच नव्हता. १८४१ साली जर्मनीत योहान पोगेनडॉर्फ यांनी बॅटरीचं खरं व्होल्टेज मोजण्याची युक्ती काढली. बॅटरीतून थोडाही प्रवाह काढला की तिचं व्होल्टेज पडतं, मग मोजायचं कसं? त्यांनी तारेवर सरकता संपर्क ठेवला आणि दुसऱ्या बाजूने ज्ञात व्होल्टेज दिलं. गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर येईपर्यंत संपर्क सरकवायचा. सुई शून्यावर, म्हणजे दोन्ही बाजू तुल्यबळ आणि प्रवाह शून्य. मोजायच्या वस्तूला धक्का न लावता मोजणं, हा या साधनाचा मूळ धर्म. अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांना १९४० च्या सुमारास आम्लता मोजणाऱ्या यंत्रासाठी फार अचूक पॉट हवा होता. त्यांनी रोधक तार मळसूत्रासारखी गुंडाळून दहा फेऱ्यांचा ‘हेलिपॉट’ केला आणि दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी त्याला मोठी मागणी आली.

पोगेनडॉर्फचा तो मूळ धर्म लोणीच्या शेजारी पाबळला वेगळ्या रूपात उपयोगी पडला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून पाबळला आले आणि शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागले. पट्टा अवर्षणाचा, त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा. विहीर किंवा बोअर घेण्याआधी जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घेणं, हे काम आश्रमातल्या मुलांच्या शिक्षणाचा भाग झालं. पद्धत अशी: सरळ रेषेत समान अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधलं व्होल्टेज मोजायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की मोजमाप अधिकाधिक खोलीचं होतं. कोरडा काळा पाषाण विजेला जोरदार अडवतो, पाणी धरलेला मुरूम कमी अडवतो. आतल्या सळयांवर मिळणारं व्होल्टेज अगदी क्षीण असतं आणि ते मोजताना आपल्याच मीटरने ते खाऊन टाकलं तर सगळा हिशेब चुकतो. पुस्तकात तिसऱ्या पानावर वाचून सोडून दिली जाणारी गोष्ट इथे एखाद्या शेतकऱ्याच्या बोअरच्या खर्चाशी जोडलेली होती. महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाचे जे प्रयोग झाले, त्यांत याची बरोबरी करणारे फार थोडे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ पाबळला सुरू झाली, तीही या पायाभरणीच्या जोरावर.

आता उत्तरेकडे वळायला हवं, कारण हाताची घुंडी जिथे पुरेनाशी झाली ती जागा तिकडे आहे.

जुन्नर तालुक्याचा अवकाशाशी संबंध खोडदच्या आधीचा. देशातलं परदेशी दळणवळणासाठीचं पहिलं उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये याच तालुक्यात आर्वीला सुरू झालं. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी, समोर समुद्रावर स्थिर उभा असलेला इंटेलसॅट उपग्रह. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने झालेल्या या केंद्राला त्यांचंच नाव मिळालं. डोंगरांच्या आडोशाला असलेला, शहरी विद्युत-गोंगाटापासून दूरचा प्रदेश आणि तरी पुण्या-मुंबईहून गाठता येणारा, हा जुन्नरचा गुण तेव्हाच हेरला गेला होता.

रेडिओ खगोलशास्त्र महाराष्ट्रात त्याही आधी आलं, तेही कल्याणला. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) तरुणपणी ऑस्ट्रेलियात काम करून आले होते. तिथल्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या प्रत्येकी सहा फुटांच्या ३२ तबकड्या त्यांना भेट मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या त्यांच्या चमूने १९६५ मध्ये कल्याणजवळ त्या मांडून सूर्याचा रेडिओ आवाज टिपला. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण झाली. तिच्यात १०५६ डायपोल आहेत आणि त्यांच्या सिग्नलची कला विजेने बदलून दुर्बिणीची नजर उत्तर-दक्षिण सरकवता येते. एवढ्या ठिकाणी हाताने घुंडी फिरवत बसणं अशक्यच होतं. आज्ञा तारेने जायची आणि भाग जागच्या जागी बदलायचा, हा धडा उटीला गिरवला गेला.

खोडदला हा धडा कसाला लागला. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही एक दुर्बीण नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती होते. १४ तबकड्या खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरात आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, शेतांच्या आणि वस्त्यांच्या मधोमध. दोन टोकांमधलं सर्वांत मोठं अंतर सुमारे २५ किलोमीटर. पोलादी दोऱ्यांवर ताणलेल्या बारीक जाळीची ही तबकडी हलकी आणि स्वस्त व्हावी म्हणून स्वरूप यांनी जी रचना केली, तिचं कौतुक खूप झालं आहे आणि ते रास्त आहे. त्या मानाने आतल्या रिसीव्हरबद्दल फारच कमी लिहिलं गेलं.

तबकडीच्या केंद्रबिंदूपाशी, जाळीच्या तळापासून साडेअठरा मीटर उंचीवर, अँटेनाचे फीड आणि पहिला अ‍ॅम्प्लिफायर बसवलेले असतात. इथे येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो लाखो-कोटी पटींनी वाढवल्याशिवाय काही करता येत नाही. पण त्याच तबकडीने सूर्याकडे पाहिलं तर तोच अ‍ॅम्प्लिफायर ओसंडून वाहतो. ओसंडलेला अ‍ॅम्प्लिफायर खोटं बोलतो: आत दुप्पट आलं तरी बाहेर दुप्पट देत नाही. म्हणून वाटेत सिग्नल क्षीण करणाऱ्या पायऱ्या ठेवाव्या लागतात. जीएमआरटीच्या पुढच्या पेटीत सूर्यनिरीक्षणासाठी १४ आणि ३० डेसिबलचे क्षीणक ठेवले गेले. दोन्ही लावले की ४४ डेसिबल. भाषा बदलून सांगायचं तर १४ डेसिबल म्हणजे शक्तीचा पंचविसावा हिस्सा, ३० म्हणजे हजारावा, आणि ४४ म्हणजे पंचवीस हजारावा.

पायथ्याशी असलेल्या रिसीव्हरमध्ये आणखी क्षीणक आहेत. मूळ रचनेत ते ० ते ३० डेसिबलपर्यंत २-२ च्या टप्प्याने बदलता येत. एकूण १६ टप्पे, म्हणजे चार बिट. नियंत्रण कक्षातला निरीक्षक आकडा टाइप करतो. तो आकडा ऑप्टिकल फायबरवरून काही किलोमीटर दूरच्या अँटेनापर्यंत जातो आणि तिथलं मायक्रोकंट्रोलरचं कार्ड त्या आकड्याप्रमाणे क्षीणक आत-बाहेर करतं. परतीच्या वाटेवर फायबरमधून आकाशाचा सिग्नल येतो. ३० अँटेना, प्रत्येकी दोन ध्रुवीकरणं, म्हणजे ६० वाटा. प्रत्येक वाटेवरची पातळी केंद्रातल्या यंत्रणेला हवी तेवढी राहायला हवी. फार कमी असेल तर आकड्यांत रूपांतर करताना सिग्नल बुडतो आणि फार जास्त असेल तर त्याचे शेंडे छाटले जातात.

हे काम माणसाने शिडी लावून, पाना घेऊन केलं असतं तर एका निरीक्षणाची तयारी करण्यात आठवडा गेला असता. पण वेळेपेक्षाही मोठं कारण पुनरावृत्तीचं आहे. हाताने लावलेली घुंडी उद्या ‘तिथेच’ लागेल याची खात्री नाही. ‘१२ डेसिबल’ हा आकडा मात्र आज, उद्या आणि दहा वर्षांनी नोंदवहीत उघडला तरी १२ च असतो. उन्हाने तापलेल्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायरचा लाभ दुपारी आणि पहाटे वेगळा असतोच. म्हणून निरीक्षक अधूनमधून ३सी४८ किंवा ३सी२८६ सारख्या, तेज पक्कं माहीत असलेल्या क्वेसारकडे तबकड्या वळवून साऱ्या वाटा तपासून घेतात. क्षीणकाचा आकडा स्थिर आहे हे ठाऊक असल्यामुळेच बाकीचे बदल हिशेबात धरता येतात.

हाच विचार एका लहान चिपमध्ये घालण्याचं काम त्याच सुमारास अमेरिकेत झालं. वीज गेल्यावरही आठवण ठेवणाऱ्या मेमरी चिप बनवणाऱ्या झायकॉर कंपनीने ऐंशीच्या दशकात डिजिटल पोटेन्शिओमीटर बाजारात आणला. तिची एक्स९सी१०३ ही चिप आजही पुण्याच्या किंवा मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, छोट्या मोड्यूलवर बसवलेली, सहज मिळते. आठ पायांची ही चिप उघडून पाहता आली तर आत कार्बनची पट्टी नाही, जीभ नाही. एकापुढे एक ९९ रोधक, त्यांच्या सांध्यांवर १०० इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि एका वेळी त्यांतला एकच चालू. एका पायाला पल्स दिला की जागा एकने सरकते. वर जायचं की खाली, ते दुसरा पाय ठरवतो. शेवटची जागा मेमरीत राहते. घासणारं काही नसल्यामुळे धूळ नाही, खरखर नाही, झीज नाही.

तरीही ही चिप म्हणजे जुन्या पॉटची जशीच्या तशी जागा घेणारा भाग नव्हे. नवखे डिझायनर इथेच फसतात. मायक्रोचिपच्या एमसीपी४१०१० चं उदाहरण घेऊ. एकूण रोध १० किलोओहम, जागा २५६, म्हणजे एक पायरी सुमारे ३९ ओहमची. पण जिभेच्या जागी असलेल्या स्विचचा स्वतःचा रोध साधारण ५२ ओहम, एका पायरीपेक्षाही जास्त! शिवाय एकूण रोध ८ ते १२ किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून ही चिप नुसता बदलता रोध म्हणून वापरली तर उत्तर ढिलं येतं. तीच व्होल्टेजचे हिस्से पाडायला वापरली आणि पुढे ऑप-अ‍ॅम्पचा बफर ठेवला, म्हणजे जिभेतून प्रवाह जवळजवळ काढलाच नाही, तर उत्तर चोख येतं, कारण मग महत्त्व उरतं ते रोधांच्या गुणोत्तराला. पोगेनडॉर्फने १८४१ मध्ये सांगितलेलं तत्त्व सिलिकॉनमध्येही तसंच लागू आहे. दुसरी खबरदारी सुरुवातीची. एमसीपी४१०१० ला आठवण नाही, वीज आली की ती मधोमध जाऊन बसते. स्पीकर, मोटर किंवा हीटर तिच्या हवाली करण्याआधी ‘मध्य’ म्हणजे काय होईल याचा विचार हवा. आणि तिन्ही पायांवरचं व्होल्टेज चिपच्या पुरवठ्याच्या मर्यादेत ठेवावं लागतं. कार्बनच्या पॉटला ही अट नसते.

मग जीएमआरटीने रेडिओ सिग्नलच्या वाटेवर असे डिजिटल पॉट का लावले नाहीत? उत्तर वारंवारतेत आहे. १० किलोओहमच्या अशा चिपमधली नकोशी धारिता सुमारे १ मेगाहर्ट्झपलीकडे सिग्नल गिळू लागते, आणि खोडदचं काम चालतं ते शेकडो मेगाहर्ट्झवर. तिथे ठरावीक रोधकांचे संच स्विचने आत-बाहेर करणारे क्षीणकच हवेत, ज्यांचा रोध दोन्ही बाजूंनी तारेशी जुळलेला राहतो. तत्त्व एकच, साहित्य वेगळं. ध्वनी, सेन्सर, पॉवर सप्लाय यांसारख्या मंद सिग्नलच्या कामात मात्र डिजिटल पॉटला तोड नाही.

आकड्यांनी चालणाऱ्या नियंत्रणाची एक किंमत खोडदला रोज मोजावी लागते. प्रत्येक मायक्रोकंट्रोलरचं घड्याळ स्वतःच एक छोटं रेडिओ केंद्र असतं. दूरच्या दीर्घिकेचा आवाज ऐकणाऱ्या कानाशेजारीच ते टिकटिकलं तर निरीक्षण वाया जातं. म्हणून नियंत्रणाची कार्डं धातूच्या पेट्यांत बंद करावी लागतात, तारांना गाळण्या बसवाव्या लागतात. परिसरातल्या विजेच्या लाइनवरच्या ठिणग्या आणि मोबाइलचे मनोरे यांच्याशीही दुर्बिणीला रोज झुंजावं लागतं. ही शांतता टिकवण्यात जुन्नर-आंबेगावच्या गावांचा वाटा आहे आणि त्याची जाहीर दखल आजवर पुरेशी घेतली गेलेली नाही.

या सगळ्या खटाटोपाचं फळ एका दिवशी जगाने पाहिलं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा अतिक्षीण सिग्नल पृथ्वीवर खोडदच्या तबकड्यांनी थेट टिपला. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो अचानक थांबला. पुढे कळलं की यान आदळलं होतं. यान काही हाती लागलं नाही, पण मंगळावरून निघालेली ती हाक जुन्नर तालुक्यात ऐकली गेली होती. २०१९ मध्ये दुर्बिणीची सुधारित आवृत्ती रुजू झाली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहता यायचा, तो आता ४०० मेगाहर्ट्झ झाला. पुढच्याच वर्षी जगातल्या विद्युत अभियंत्यांची मोठी संघटना असलेल्या आयईईईने जीएमआरटीला ‘माइलस्टोन’चा मान दिला. भारतातल्या कामाला मिळालेला हा तिसरा मान. आधीचे दोन जगदीशचंद्र बोस आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कामाला मिळाले होते.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळा-कॉलेजांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात आणि हजारो गावकरी ती पाहायला येतात. लोणी, धामणी, पाबळच्या शिक्षकांनी एका वर्षी तिथे एवढं करून पाहावं: एका फळीवर जुन्या रेडिओतून काढलेला, उघडून ठेवलेला कार्बनचा पॉट, शेजारी तेवढ्याच मूल्याची एक्स९सी१०३, आणि दोघांना जोडलेला एकच मल्टिमीटर. पाहणाऱ्याला आधी घुंडी फिरवू द्यावी, मग बटण दाबून एक-एक पायरी मोजू द्यावी. सामान फारसं महाग नाही, एका दुपारचं काम आहे, आणि मागे उभ्या असलेल्या ४५ मीटरच्या तबकडीत नेमकं काय चालतं हे आठवीतलं मूलही त्यावरून आपल्या आजोबांना समजावून सांगू शकेल.